उन्हाळ्यात जाड ऑइल

२ एप्रिल, बुधवार
दाढी करताना कापलं. एवढासा काप, पण रक्त थांबेना. तुरटी फिरवली तरी बनियन खराब. हे सगळं त्या रक्त पातळ करायच्या गोळीचं काम. मागच्या श्रावणात नगरला हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून चालू आहे. डॉक्टर म्हणाले होते, शुगरवाल्याचं रक्त लवकर गाठ धरतं, मला विचारल्याशिवाय बंद करू नका. पोरगेलासा डॉक्टर. पुस्तकातून शिकलेला.
मी शिंगणापूर फाट्यावर स्वतःच्या हिमतीवर गॅरेज उभं केलं. उन्हाळ्यात इंजिनात जाड ऑइल लागतं. पातळ टाकलं की पिस्टन जाम. आजपासून गोळी बंद. पाऊस लागला की बघू.

५ एप्रिल, शनिवार
झकास वाटतंय. दाढीला रक्त आलं नाही. कापलंच नाही, पण कापलं असतं तरी आलं नसतं.
फाट्यावर भक्तांच्या गाड्यांची रांग. एक जीप वळणावर असतानाच सांगितलं, तिसरा सिलिंडर मिस मारतोय. खोललं तर तसंच. रंगनाथ मिस्त्री म्हणाला, मालक, तुमचा कान हाय का मशीन? आयटीआयच्या पोरांसमोर २२ तारखेला भाषण आहे माझं. विषय, कानाने इंजिन ओळखणे.
घरी बायकोनं, मनकर्णेनं विचारलं, पाकिटातल्या गोळ्या कमी कशा होईनात? आता रोज एक मोरीत टाकायची. औषधाच्या बाबतीत नियमितपणा हवा.

१२ एप्रिल, शनिवार
चहाचा कप उजव्या हातातून सुटला. हल्ली कप फार गुळगुळीत बनवतात. थोड्या वेळानं हात पहिल्यासारखा. उलट जरा जोरातच चालतोय. जाड ऑइल बोटांपर्यंत पोचलं असणार.
रंगनाथ म्हणाला, मालक, नगरला दाखवून या, माझ्या चुलत्याचं आसंच झालं हुतं. मी विचारलं, मग? म्हणाला, मग काय, दहाव्याला तुमी आल्ता की.
चुलता दारू प्यायचा. माझी गोष्ट वेगळी.

१६ एप्रिल, बुधवार
खात्री करून घेतली. गॅरेजात कोणी नसताना लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मानेच्या शिरेवर टेकवलं, मूठ कानाला लावली. इंजिन मी असंच ऐकतो. आत सूं सूं आवाज. इंजिनात हा आवाज आला असता तर म्हणालो असतो, नळी चोंदलीय, आत्ताच्या आत्ता खोला. पण माणूस म्हणजे काही इंजिन नव्हे.
मनकर्णा डबा घेऊन आली, विचारलं काय करताय. मान खाजवतोय म्हणालो. म्हणाली, स्क्रू ड्रायव्हरनं?

२१ एप्रिल, सोमवार
सकाळी रंगनाथला सतरा नंबरचा पाना मागितला. तो नुसता तोंडाकडे बघत राहिला. तीनदा मागितला. ऐकू कमी येतंय त्याला, वय झालं.
पुण्याला सुकन्येला फोन लावून सगळं भाषण म्हणून दाखवलं. पोरगी मध्येच रडायला लागली. म्हणाली, आप्पा, थांबा, आईला फोन द्या. हळवी आहे लहानपणापासून. भाषण चांगलंच जमलंय.
मनकर्णेनं शेजाऱ्याची गाडी बोलावली आहे. मी जाणार नाही. उद्या कार्यक्रम. अक्षर वाकडं येतंय. पेन बदलला पाहिजे.

२९ एप्रिल
नगर. दवाखाना. डाव्या हाताने लिहितोय. उजवी बाजू बंद. मेंदूत रक्ताची गाठ अडकली म्हणे.
डॉक्टरांनी मनकर्णेला विचारलं, गोळी चुकत होती का? ती म्हणाली, एकसुद्धा न्हाई साहेब, मी सोता पाकीट बघत हुते. डॉक्टर म्हणाले, मग ही गोळी यांना लागू पडत नाही, काही शुगरवाल्यांचं होतं असं, दुसरी जास्त जोराची लिहून देतो.
मी म्हणालो, थांबा, गोळी मोरीत टाकत होतो.
दोघं तोंडाकडे बघत राहिले. मनकर्णेनं पदरानं माझी लाळ पुसली.
मी मात्र माझाच आवाज कान देऊन ऐकला. सिलिंडर मिस मारतोय.