शांतता ही आईची मांडी

गोडादरा, बुधवार, १९९४

हिचे गुडघे? जरा बरे. सुनेचा खोकला? उतरला. नातवाचा ताप? गेला. सगळी धड आहेत, मग मलाच चैन का नाही? शिकवणीतल्या वंदनाच्या उत्तरामुळे.

संध्याकाळी ओट्यावर पोरींना कविता शिकवत होतो. ओळ होती, ‘शांतता ही आईची मांडी’. विचारलं, शांततेला मांडी का म्हटलं असेल? मला वाटलं, सोपं आहे.

वंदना म्हणाली, “पण आबा, आमच्या गल्लीत कापडाचे लूम थांबले की तान्ही पोरं दचकून रडतात. धडधड सुरू झाली की निजतात. मांडी तर आवाजाची ना?”

दुसरी हसली, “आबासुद्धा लूमच्या आवाजातच घोरतात!”

खरंच की! जन्म या मागांच्या धडधडीत गेला आणि मी शांततेचे गोडवे गातोय. मांडी आवाजाची… मला कसं सुचलं नाही?

पण उद्या तिची मराठीची परीक्षा, हा प्रश्न येणारच. नापास झाली तर बाप शाळा सोडवून साड्यांवर टिकल्या चिकटवायला बसवणार. गाईडमधलं उत्तर पाठ कर म्हणू? जीभ रेटेना.

शेवटी म्हणालो, “आधी कवीच्या मनातली मांडी लिही. मग खाली आपल्या गल्लीतली.”

“बाईंनी खालचं खोडलं तर?”

“वरच्याचे गुण तर देतील. खालचं खोडलं तरी लिहिलेलं राहील.”

मान डोलावून गेली. बरोबर सांगितलं का मी? वंदना, पेपर तपासून मिळाला की आधी इकडे ये गं, बाई काय म्हणाल्या ते सांगायला.