उशिरा जागं होणारं कार्ड

३ नोव्हेंबर, सोमवार
मुलुंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून पुन्हा फोन. सकाळी मशीन चालू केलं की त्याच्या कॉम्प्युटरला आत बसवलेलं आमच्या कंपनीचं कार्डच दिसत नाही – म्हणजे डोळ्याचे फोटो नाहीत, पेशंट परत. मिहिर सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, चूक कुणाची? मी पटकन म्हटलं, सोल्डरिंग बघा, सांधे कच्चे असतील. कार्डाचा बोर्ड देवव्रतचा, आतला प्रोग्राम माझा.

५ नोव्हेंबर
देवव्रत सगळे बोर्ड पुन्हा तपासतोय. रोज एकत्र जेवतो, आज डबा एकटीनेच खाल्ला.

७ नोव्हेंबर
आज स्वतः मुलुंडला गेले. बाहेर बाकावर एक मावशी डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या. मशीन चालू केलं – कार्ड गायब. वैतागून नुसतं रीस्टार्ट केलं – कार्ड हजर!

तेव्हा लख्ख कळलं. वीज आली की कार्डावरची चिप आधी माझा प्रोग्राम भरून घेते, तोवर ती मुकी. कॉम्प्युटर मात्र चालू होता होताच सगळ्या कार्डांची हजेरी घेतो. ओ आली नाही की जागा रिकामी समजतो, परत विचारत नाही. रीस्टार्टमध्ये वीज जात नाही, चिप भरलेलीच असते, म्हणून दिसते. दिवाळीआधी प्रोग्राम मीच फुगवून ठेवला. भरायला उशीर होतो तो त्यामुळे. सोल्डरिंगचा काही संबंध नाही.

मावशींचे फोटो निघाले. मला थँक्यू म्हणाल्या.

८ नोव्हेंबर
ऑफिसात सांगणार होते. नाही सांगितलं.

१० नोव्हेंबर
देवव्रतला काढलं. टेबल आवरताना म्हणाला, "तेजल, एकूण एक सांधा परत केला मी. कुठे चुकलो तेच कळत नाही गं." मी त्याच्या खोक्याला चिकटपट्टी लावून दिली.

१२ नोव्हेंबर
प्रोग्रामचे दोन तुकडे केले. हजेरीला ओ देण्यापुरता छोटा आधी, बाकीचा मागून. मुलुंडला कार्ड पहिल्या फटक्यात दिसलं. ऑफिसात सगळे म्हणतायत, देवव्रत गेला आणि बोर्ड सुधारले. मी ऐकून घेतलं. शी!

१३ नोव्हेंबर
घाटकोपरला त्याच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्याची बायको जान्हवी चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. त्याने विचारलं, एवढंच – "उद्या सरांना सांगशील?" हो म्हटलं.

१४ नोव्हेंबर
सांगितलं. म्हटलं, मला काढा, त्याला परत घ्या. मिहिर सरांनी दार लावलं, म्हणाले, "चूक तुझ्या प्रोग्रामची आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याला काढायला निमित्त हवं होतं, ते तू दिलंस. जा, कामाला लाग."

जागेवर येऊन बसले. कामाला लागले. देवव्रतचा फोन येतोय. उचललेला नाही.