रंगाखालचा हात

सोमवार

आलो एकदाचा. चिरंजीव गाडी घेऊन आला होता. आईविना वाढलेलं पोर, आता रंगाऱ्यांचा मुकादम झालंय. कारखान्याच्या भट्टीशेजारी पोलादी खांबांची भलीमोठी शेड उभी राहते आहे. गंजापासून आणि आगीपासून वाचवणारे थर त्याच्या माणसांनी द्यायचे, मी तपासायचे. म्हातारपणी बाप लेकाच्या कामावर! रंगारी लगेच ‘आजोबा’ म्हणू लागले. खोलीच्या खिडकीतून खांब दिसतात. वाळूच्या माऱ्याने घासलेलं पोलाद उन्हात चांदीसारखं लखलखतं. शाळेतलं मंदाक्रांता वृत्त आपसूक ओठांवर आलं. चिरंजिवाला लहानपणी मांडीवर थोपटताना हाच ठेका धरायचो: चार थापा सावकाश, पाच भराभर.

मंगळवार

आमच्या धंद्यात घासलेल्या पोलादाला उघडा हात लावायचा नसतो. तळव्याच्या घामात मीठ असतं. वर कितीही भारी रंग द्या, काही महिन्यांनी पंजाच्या आकाराचा गंज वर येतो. रंगारी त्याला ‘सही’ म्हणतात. आज चिरंजीव हातमोजा काढून कोपऱ्यातल्या खांबाला टेकला. मी रागावलो. तो म्हणाला, बाबा, पुन्हा घासत बसलो तर दमट हवेत सगळाच खांब गंजेल, चढवू प्रायमरचा पहिला थर. चढवला. लेकापुढे कुणाचं चालतं?

गुरुवार

सही उठली. इतक्यात उठायला नको होती.

उजवा पंजा, करंगळी अर्धी. चिरंजिवाचीच, लहानपणी दारात चेंगरली होती. रंगारी हसले, मुकादमांनी हजेरी लावली म्हणाले. पण अंगठा डावीकडे हवा, तो उजवीकडे आहे. काचेपलीकडून कुणी हात टेकावा तसा. मी वरून आणखी एक थर द्यायला सांगितला.

शनिवार

थर वाळला आणि ठसा परत आला, शेजारी डावा हातही. चिरंजीव जेवला नाही. त्याचा तळवा पाहिला: रेषाच नाहीत, राखाडी, थंडगार. म्हणतो, वाळू लागली असेल. आवाज लांबून आल्यासारखा.

एक थोराड रंगारी आहे, घसा मोठा म्हणून त्याला भोंगा म्हणतात. तो आज कानाशी येऊन कुजबुजला, आजोबा, थर देऊ नका. दर थराला मुकादम कमी होतायत.

कामावरच्या बड्या साहेबांना विनवलं, थर थांबवा. ते म्हणाले, काम थांबणार नाही.

सोमवार

चिरंजीव काल सकाळी फाटकातून आत आला, बाहेर पडलाच नाही. खांबापाशी डबा, चपला, आणि नीट घडी घातलेले हातमोजे.

कालच आगीपासून वाचवणारा रंग दिला त्यांनी. तो आग लागल्यावरच पावासारखा फुगतो आणि पोलादाला झळ लागू देत नाही. इथे आग कुठेय? तरी छातीच्या उंचीवर फुगतोय. मग बसतोय. पुन्हा फुगतोय —

श्वास घेतोय माझा पोरगा.

खरवडायला लागलो तर साहेब म्हणाले, आजोबांना ऊन लागलंय. खोलीवर नेऊन बसवलं. उद्या शेवटचा थर.

मंगळवार

भोंग्याने मागच्या दाराने आत सोडलं, पत्र्याची घासणी दिली. वही बरोबर आणलीय. खरवडतोय. हातमोज्यांतही नखं तुटली. तळहाताएवढं पोलाद उघडं झालं.

आतून ठोके. चार सावकाश, पाच भराभर.

आहे तो. पलीकडे फवारणी सुरू झाली. भोंगा ओरडतोय, यंत्रापुढे ऐकू जात नाही —

हातमोजा काढला. उजवा हात उघडाच टेकवला. सुटत नाही. डाव्या हाताने लिहितोय.

बोटांत बोटं आली. करंगळी अर्धी. ओढतोय मी. येतोय, मनगटापर्यंत आलाय — की मीच —

फवारा वळला. अरे थांबा, माझा मुलगा आहे, अजून ऊब आहे हाताला, थर देऊ न