सगळ्यांनी आमेन म्हटलं

४ मार्च, बुधवार

गेलेल्या बाईला बरं कर म्हणून आज मी देवाला विनवलं. भर सभेत, उभं राहून!

शिंप्याची बायको. बारा दिवसांपूर्वी गेली. तिच्या शवपेटीला मी स्वतः खांदा दिला होता. आणि आज चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेत नेहमीची यादी तोंडातून घरंगळत गेली — पाळकांचा गुडघा, प्रवासातली माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, आणि मग, ‘प्रभू, आमच्या आजारी बहिणीला अंथरुणातून उठव.’ नावासकट!

चौदा माणसं म्हणाली, आमेन.

डोळे उघडले तर शेवटच्या बाकावरून शिंपी उठून चालला होता.

५ मार्च, गुरुवार

पाळकांचा फोन. ‘मनाला लावून घेऊ नका दादा. जीभ घसरते माणसाची.’

घसरली असती तर बरं होतं. जीभ अगदी सरळ चालली. माणूसच जागेवर नव्हता.

दातांच्या दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत एका आजींची कवळी बसवून पाहिली. डावीकडे टोचतंय म्हणाल्या. तीनदा घासली, तेव्हा बसली. ‘किती लक्ष घालून करता हो!’ आजी म्हणाल्या. मला मान वर करवेना.

६ मार्च

सकाळी गुडघे टेकले. ‘हे कृपाळू पित्या, या सुंदर सकाळी —’

सकाळ सुंदर नव्हतीच. उठलो.

८ मार्च, रविवार

उपासनेला शिंपी आला नाही.

पेटी वाजवणाऱ्या बाई दाराशी भेटल्या. ‘बुधवारी काय सुंदर प्रार्थना केलीत! ऐकत राहावंसं वाटलं.’ त्या होत्या सभेत. त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही!

पाळक आज आत्म्याने जागं राहण्यावर बोलले. पुढच्या बाकावर दोघं पेंगत होते. मला हसू फुटणार होतं — मग वाटलं, ते निदान डोळे मिटून झोपलेत. मी उघड्या डोळ्यांनी. कधीपासून?

लिहूनच टाकतो. ही गेल्यापासून. तीन वर्षं.

रोज सकाळी पलंगाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं गुडघे टेकायचो. माझं लांबलं की ही मध्येच तोडायची — ‘पुरे झालं भाषण. काय हवंय ते सांगा त्याला.’ ही गेली आणि घरात मी एक शब्द बोललो नाही त्याच्याशी. बाहेर मात्र सगळं तसंच! बुधवारची सभा, आजाऱ्यांच्या भेटी, प्रभुभोजनाची तयारी. फरक कुणाला कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही कळला नाही. हेच भयंकर आहे.

१० मार्च, मंगळवार

शिंप्याकडे जाऊन आलो. दुकानासमोरून दोन वेळा पुढे गेलो, तिसऱ्यांदा आत शिरलो.

तो कोटाची उसवलेली बाही जोडत होता. मी हात जोडले. पाठ करून गेलेली दोन वाक्यं विसरलो. नुसतं म्हणालो, ‘चुकलं माझं.’

त्याने टाका ओढून घेतला. मग म्हणाला, ‘दादा, तुमच्यावर चिडून नाही उठलो मी.’

‘मग?’

‘सगळ्यांनी आमेन म्हटलं ना? मीही म्हटलं. तिचं नाव ऐकलं आणि तोंडातून आलंच. माझी बायको, आणि मी —’ त्याने सुई कापडात खोचून ठेवली. ‘लाज वाटली हो. म्हणून उठलो.’

मी बाकड्यावर बसलो.

मग त्याने विचारलं, ‘वहिनी गेल्या तेव्हा तुम्ही काय म्हणालात देवाला? मला काहीच सुचत नाही. तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारतो.’

चर्चच्या मंडळीतला वडील मी, लोकांना धीर देणारा. ओठांवर बायबलची चार वचनं तयार होती. नाही वापरली. ‘काहीच नाही म्हणालो,’ मी सांगितलं. ‘अजूनपर्यंत.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. मग सुई परत उचलली. गिऱ्हाईक आलं तेव्हा उठलो.

११ मार्च, बुधवार

सभा घेणार नाही असं पाळकांना कळवलं. ‘हरकत नाही दादा, थोडी विश्रांती घ्या.’

अहो, तीच तर घेत होतो!

१२ मार्च

कवळ्या दोन. घरी आलो. भात लागला, तोच खाल्ला. कुणाशी बोलणं नाही.

१३ मार्च

तसंच.

१४ मार्च, शनिवार

सकाळी हिचं कपाट उघडलं आणि बांध फुटला. कृपाळू वगैरे काही नाही — सरळ विचारलं त्याला, का नेलीस? चाळीस रात्री मी तिच्या उशाशी बसून मागत होतो, तेव्हा कुठे होतास? तीन वर्षांचं सगळं काढलं. ओरडलो. रडलो. जे बोललो ते इथेही लिहिणार नाही. किती वेळ गेला कोण जाणे!

शेवटी शेजारीणबाईंनी दार ठोठावलं. घाबरलेल्या. ‘कोण आलंय हो? कुणाशी भांडताय एवढं?’

मी डोळे पुसले. म्हटलं, ‘काळजी करू नका. घरचेच आहेत.’