दिव्याचा कागद

प्रिय खारूताई,

तुझा कॅटलॉग पोचला. पोस्टमन विचारत होता, आजी, कुणाच्या लग्नाची पत्रिका का हो, एवढी गुळगुळीत? म्हटलं, लग्न कसलं, माझ्या नातीनं लिहिलेलं पुस्तक आहे. आणि त्या बिचाऱ्याला उन्हात उभा करून पहिल्या पानावरचं तुझं नाव दाखवलं. तो म्हणाला, छान आहे. मी म्हटलं, नुसतं छान काय, नीट वाच. त्यानं वाचलं, मगच त्याला सोडला.

मी चौथीतून उठलेली बाई. ओळीवर बोट ठेवून वाचते, त्यामुळे मला तीन दिवस लागले. पण एक अक्षर सोडलं नाही. मण्यांच्या माळा, गंजलेल्या चाव्या, हात तुटलेली मातीची बाहुली, कुणाच्या तरी चपलेचं पितळी बक्कल. बाहुलीबद्दल तू लिहिलंयस की तिचा हात तुटला तो खेळताना तुटला असावा, कारण तुटलेली कड पुढे बोटांनी गुळगुळीत झालीये, म्हणजे हात गेल्यावरही कुणी तरी तिच्याशी खेळत राहिलं. ते वाचून मी चष्मा पुसला. तुझ्या बापानं उभ्या उभ्या चाळलं आणि म्हणाला, आई, हा सगळा कचराच आहे, फक्त जुना. म्हटलं, तूही होशील जुना, तेव्हा बघू तुझ्यावर कोण बोली लावतं ते. पण सांगते तुला, कॅटलॉग त्यानं टीव्हीवर उभा करून ठेवलाय, आलेल्या-गेलेल्याला दिसेल असा.

येत्या गुरुवारी लिलाव. तुझ्या नावाचा पहिला. हा नीट पार पडला की मालक तुला कायम करणार, हे तू मला फोनवर चारदा सांगितलंस, म्हणजे तुला किती धाकधूक आहे ते कळलं मला. म्हणून तर बसलेय लिहायला. गुडघा दुखतोय, शेजारीण दोनदा हाक मारून गेली, पण उठायची नाही असं ठरवलंय.

तुला खारूताई नाव मीच ठेवलं, आठवतंय का? जे मिळेल ते फ्रॉकच्या खिशात. काचेचे तुकडे, नटबोल्ट, बाटल्यांची झाकणं. तुझी आई कपडे धुताना किंचाळायची. आणि पावसापाण्याचं बाहेर जाता आलं नाही की माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणांची पांढरी वाटी घेऊन बसायचीस. बटणं जमिनीवर ओतायची, रंगानं लावायची, मग भोकांनी लावायची, दोन भोकांची वेगळी, चार भोकांची वेगळी. तेव्हाच मी म्हटलं होतं, ही मुलगी एक तर दुकान काढेल नाही तर सरकार चालवेल. लिलावाचं काही डोक्यात नव्हतं बाई.

मला वाटायचं, जुन्या वस्तू म्हणजे श्रीमंतांचं काम. मोठे दिवाणखाने, काचेची कपाटं, हात लावू नका. चार महिन्यांपूर्वी तू मला लिलावाच्या हॉलमध्ये नेलंस तेव्हा मी चांगली साडी नेसून आले आणि बघते तर काय, घडीच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं पिंप, आणि माणसं आपल्यासारखीच. एक निवृत्त बसड्रायव्हर होता, तो फक्त चाव्या घ्यायचा. म्हणाला, आजी, आयुष्यभर एक किल्ली फिरवली, आता बाकीच्या बघतो. एक शाळामास्तरीण बाई दर वेळी वर्गात दाखवायला एक खापराचा तुकडा न्यायच्या. तू मला समजावलंस की राजाची वस्तू राजालाच परवडते, पण साध्या माणसाच्या हातातली वस्तू साध्या माणसाला परवडते, आणि तशा वस्तू जगात जास्त, कारण साधी माणसं जास्त. मला हे इतकं पटलं की ते मी अजून सगळ्यांना माझं म्हणून सांगते.

मग तो दिवा आला. मुठीएवढा, मातीचा, चोच थोडी काळी. तू नंबराची पाटी वर केलीस. पुढचा टकल्या गृहस्थ पण करतोय. तुझ्या ओठावर घाम, पण चेहरा कसा, जसं काही भाजीच घेतेयस. मला राहवेना, मी त्या टकल्याकडे असं बघितलं की त्याला मागून चटका बसला असेल. हातोडा पडला. चपलांच्या एका जोडाच्या किमतीत दिवा तुझा झाला. मी टाळ्या वाजवल्या आणि मला कळलं की तिथे टाळ्या वाजवत नाहीत.

बाहेरच्या बाकावर तू दिवा कागदातून काढलास. दोन हजार वर्षं, आजी, दोन हजार! बूड किती झिजलंय बघ, म्हणालीस, ठेवून ठेवून. मग कानाच्या, म्हणजे त्या धरायच्या कडीच्या, खाली तुला खळगा सापडला. बनवणाऱ्याचा अंगठा ओल्या मातीत दाबला गेलेला. तू आपला अंगठा त्यात ठेवलास आणि तो चपखल बसला. तुझा तो बुटका, टोकाला पसरट अंगठा, ज्याच्यापायी शाळेत तू मुठी मिटून फोटो काढायचीस. तुझे डोळे भरले. म्हणालीस, आजी, कुणी तरी बाई होती, माझ्यासारख्या अंगठ्याची. मी त्या कानावरून बोट फिरवत राहिले. तुला वाटलं, आजीलाही भरून आलं. आलं होतंच.

आता जरा तुझ्या आजोबांचं. तू त्यांना पाहिलं नाहीस, आणि तुझा बाप त्यांच्या कामाचा विषय काढू देत नाही, शाळेत पोरं त्याला चिखल्या म्हणायची म्हणून. नाटकाचं सामान करायचे एवढंच तुला ठाऊक. पण काय करायचे! जुन्या काळाचं नाटक असलं की मडकी, सुरया, दिवे, सगळं पुस्तकातली चित्रं बघून. गोदामाच्या मागे भट्टी होती. भाजून झालं की चहाच्या कोमट पाण्यात बुडवायचे, माती चोळायचे, चोचीत वात पेटवून काजळी धरायचे. शंभर वर्षं एका दुपारी चढवायचे बघ! लोक म्हणायचे, अहो, हे जुनं म्हणून विका, गब्बर व्हाल. ते म्हणायचे, आपण दाखवायला करतो, फसवायला नाही. आणि प्रत्येक वस्तूच्या बुडाला खिळ्याच्या डोक्यानं तीन ठिपके दाबायचे, कुणाची फसगत होऊ नये म्हणून. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तू बाहुलीच्या हाताबद्दल लिहिलेलं वाचलं तेव्हा वाटलं, पाहिला, पाहिला.

एकदा एका नाटकाला दिवे हवे होते, तीनशे. ते साच्यात माती दाबून दिवा काढायचे, कान मात्र हातानं लावावा लागायचा. तेवढ्यात त्यांचं मनगट लचकलं. मग कान मी लावायला लागले. वळी करायची, वाकवायची, चिकटवायची आणि खालून अंगठ्यानं दाबायची. मी डावरी, त्यामुळे माझे कान थोडे डावीकडे झुकायचे. ते हसायचे, म्हणायचे, तुझे दिवे सगळे डाव्या बाजूचं ऐकतात. पुढे ती नाटक कंपनी बुडाली, सामान पेट्यांतून कुठे कुठे गेलं.

बाकावर मला शंका आली होती, खोटं नाही सांगत. पण जगात बुटक्या अंगठ्याच्या बाया काय कमी? शिवाय तू एवढी आनंदात. शंकेला मी पदराखाली झाकलं. ही माझी चूक. आता कॅटलॉगच्या अकराव्या पानावर सात दिवे आहेत. तू लिहिलंयस, त्याच विक्रेत्यानं आणलेले, लेखिकेकडच्या दिव्याशी तंतोतंत जुळणारे, म्हणून त्याच काळातले. भिंग घेऊन बघितलं. सातही कान डावीकडे झुकलेले. आणि बुडं ठेवून झिजलेली नाहीत गं, कुणी तरी कानशीनं घासलीयेत. तीन ठिपके घालवायला.

घाबरू नकोस. तुझे मालक काय म्हणतात ते तूच मला सांगितलं होतंस, हातोडा पडायच्या आधी सापडली ती चूक, नंतर सापडली ती लबाडी. अजून तीन दिवस आहेत, आणि हे पाकीट उद्याच तुझ्या हातात पडेल. तू अकरावं पान स्वतः मागे घेशील, सगळ्यांसमोर घेशील, हे मला बोट न ठेवता वाचता येतं. कायम करतील की नाही, ते त्यांचं त्यांना माहीत. नाही केलं तर चुकतील, आणि ती चूक हातोड्यानंतरची असेल. आपला दिवा मात्र विकू नकोस हं.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि तुझ्या धंद्यात तोंडचं कुणी धरत नाही. वस्तूबरोबर कागद हवा, ती कुठून आली, कुणाच्या हातची, हे तूच शिकवलंस मला. म्हणून हा कागद लिहिला, खुशाल मालकांना दाखव. सोबत बटणांची पांढरी वाटी पाठवतेय, बटणं काढून ठेवलीत, तुझी आहेत. ती वाटी नाही, साचा आहे, दिव्याच्या खालच्या अर्ध्याचा. दिवा त्यात ठेवून बघ. भट्टीत माती आकसते, म्हणून किंचित सैल बसेल, पण चोचीला चोच लागेल. चौथीतून उठले तरी चांगली वळणदार सही येते मला. पण आज ती केली नाही. शाईच्या पॅडवर डावा अंगठा दाबून खाली उठवलाय. दिव्याच्या कानाखाली जुळवून बघ, आणि मग त्यावर तुझा ठेव.

तुझीच,
दोन हजार वर्षांची आजी