पाचव्या वर्षाची नोंद

४ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि झकास गेला. अभिलेखागाराचा दुसरा मजला, मोठी खिडकी, स्कॅनर कोरा करकरीत. जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्यांची पानं स्कॅन करायची, नावं टंकायची, की लगेच ती संकेतस्थळावर दिसतात. मग लोक घरबसल्या आपले आजे-पणजे शोधतात. या वह्या तीस वर्षं सांभाळणारे दप्तरीकाका हसत म्हणाले, थुंकी लावून पान उलटलंस तर हाकलून देईन. संध्याकाळी आईला फोन केला. बाबा गेल्यापासून ती दुसऱ्या गावी एकटीच असते. खूश झाली. कुठल्या वह्या, ते मात्र दोनदा विचारलं.

७ मार्च, गुरुवार
दिवसाला तीनशे पानं होतात. आता कारकुनांची अक्षरंही ओळखू येतात. एक जण ‘ताप’ लिहिताना ‘प’ची शेपटी पार समासात नेतो. आज एक आजोबा आले होते. बहिणीची जन्मनोंद पडद्यावर पाहून कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. बरं वाटलं.

११ मार्च, सोमवार
मृत्यूच्या वहीत माझं नाव सापडलं. वडिलांचं नाव, आमच्या जुन्या घराचा पत्ता, सगळं बरोबर. वय पाच. कारण ताप. खाली बाबांची सही. तीच सही माझ्या प्रगतिपुस्तकांवर आहे.
दप्तरीकाका म्हणाले, थोरली बहीण असेल, तिचंच नाव तुला ठेवलं असेल. पटलं. मग जन्माच्या वह्या काढल्या. आईबाबांच्या नावावर एकच मुलगी आहे. तारीख माझी.
तरी पान चढवलं. काम ते काम.

१२ मार्च
आईला विचारलं. आधी वहीचं वर्ष विचारलं. मग म्हणाली, सकाळी तू गेलीस. बाबा नोंद करायला गेले आणि दुपारी तू उठून बसलीस.
मग नोंद रद्द का नाही केली, म्हटलं.
ती रडायला लागली. “उठली ती आमची नव्हती गं. आम्हा दोघांनाही पहिल्याच दिवशी कळलं. पण तू आई म्हणून हाक मारलीस. मग कसं टाकणार?”
फोन ठेवताना बजावलं, ते पान कुणाला दाखवू नकोस.
ते कालच सगळ्यांना दिसायला लागलंय.

१३ मार्च
पान काढून टाकायला गेले. निघत नाही. त्याखाली एका वाचकाची विनंती आलीय : ही नोंद माझी आहे, मला घरी जायचंय. पाठवणाऱ्याचं नाव माझंच. वयाच्या रकान्यात पाच.
विनंती मंजूर झालीय. मी केली नाही. साहेब म्हणतात, त्यांनीही नाही.

१४ मार्च
हजेरीच्या यंत्राला माझा अंगठा कळत नाही. दप्तरीकाकांनी विचारलं, आपण कुठल्या विभागातून आलात — आपण म्हणाले मला.
आईचा फोन लागत नाही —

१५ मार्च
लागला. मागे लहान मुलगी हसत होती. आई गाणं म्हणत होती. माझ्यासाठी कधी म्हटलं नाही —
आई म्हणून हाक मारली. कोण बोलतंय, विचारलं तिनं. नाव सांगितलं. ती तर माझ्या मांडीवर बसलीय, म्हणाली.
मग आवाज अगदी खाली आणून — “तूच ना? इतकी वर्षं सांभाळलं तुला. आता इकडे येऊ नकोस, बाळा.”

मग जायचं कुठं —
त्या दुपारच्या आधी मी कुठं होते, ते आठवायला लागलंय. अंधार, आणि खूप जण, सगळे माझ्याकडे —