चार्जरला लावलेला फोन

ताई,

बाबांना दवाखान्यात तूच ने. मी कबूल केलं होतं, आणि पुन्हा तुलाच तोंडघशी पाडलं. लष्कराच्या भाकऱ्या भाजते म्हणशील, तर म्हण.

काल इमारतीवरून पडून मेलेला परदेशी मजूर आपल्याकडे कामाला नव्हताच, असं ठेकेदार म्हणतोय. त्याच्या सोबत्यांना मायदेशी पिटाळायच्या आत आमच्या संस्थेला त्यांचे जबाब घ्यायचेत, म्हणून निघाले.

चार्जरला लावलाय तो फोन त्याचा. सोबत्यांनी लपवून माझ्याकडे दिला. बरोबर नेला तर ठेकेदाराची माणसं हिसकावतील.

संध्याकाळी त्याची बायको फोन करेल. उचलू नकोस, तिला मीच सांगेन. पण कितीही वाजला तरी बंद करू नकोस. वाजत राहिला, तर तो कामावर आहे असं समजून आजची रात्र ती झोपेल तरी.